पश्चिममुखी घराचं मुख्य दार आणि दारापुढचा ओटा : काय करावं? (धुळे)

पांझराकाठ
धुळ्याला देवपुरात ३० × ५० च्या प्लॉटवर तळमजला चालू आहे. रस्ता पश्चिमेला, म्हणून मुख्य दारही पश्चिमेलाच. जमीन काळी, जोतं रस्त्यापासून अडीच फूट. पुढे दहा फूट मोकळी जागा सोडली आहे. भिंती लिंटेलपर्यंत (दार-खिडक्यांवरच्या तुळईपर्यंत) आल्यात, चौकटी अजून बसवलेल्या नाहीत. वास्तुशांत आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) धरली आहे.

दार सागवानी करावं, तयार स्टीलचं घ्यावं, की फ्लश डोअरवर (सपाट प्लायच्या पल्ल्यावर) लॅमिनेट मारावं? साडेतीन फूट रुंदी पुरते का? संध्याकाळच्या हवेसाठी बाहेरून जाळीचं दार हवंच. घरात वॉकर घेऊन चालणारं माणूस आहे. पायऱ्या, ओटा, चपला, बेल, लाइट, जे सुचेल ते सांगा.

रंधा_करवत
लाकडाचं नंतर बघू. चौकट अजून बसलेली नाही हे फार बरं झालं, कारण महागात पडणारी चूक तिथेच होते.

गवंडी चौकट उभी करतो कच्च्या जमिनीवर. नंतर वर माल आणि फरशी मिळून अडीच-तीन इंच चढतात. मग पल्ला घासतो आणि सुतार तो खालून कापतो. फ्लश डोअरच्या चारी कडांना आतून सलग लाकडाची पट्टी असते. खालून दोन-अडीच इंच कापलं की ती पट्टीच निघून जाते आणि गाभा उघडा पडतो. पहिल्या पावसाळ्यात तिथूनच तो फुगायला लागतो, आणि लोक म्हणतात, दार हलकं निघालं.

म्हणून पक्क्या फरशीची लेव्हल आजच ठरवा. पाण्याच्या नळीने सगळ्या भिंतींवर फरशीपासून तीन फुटांवर रेघ मारून घ्या आणि चौकटीची उंची त्या रेघेवरून मोजा, खालच्या जमिनीवरून नाही. चौकटीचा माथा पक्क्या फरशीपासून सात फुटांवर यायला हवा.

उभी करताना :

ओळंबा दोन्ही अंगांनी लावा, नुसता समोरून लावून चालत नाही. चौकट बाहेरून ४२ × ८४ इंच असेल तर कर्ण ९३.९ इंच, म्हणजे ७ फूट १० इंचांना किंचित कमी. दोन्ही कर्णांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक नको. उभ्या बाजूंच्या मधोमध एक आडवी पट्टी ठोकून ठेवा आणि गिलावा होईपर्यंत काढू नका. ती नसली की माल ठासताना उभं लाकूड आत दबतं आणि मध्ये रुंदी पाव इंच कमी भरते.

दर बाजूला तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) : खालून फूटभर, मध्ये, वरून फूटभर. भिंत आधीच चढलीय, तेव्हा तिथे खाचा तोडून १:२:४ (सिमेंट : वाळू : खडी) काँक्रीटने भरा. फास्टनर (चौकटीतून आरपार भिंतीत जाणारा लांब स्क्रू) वापरणार असाल तर चौकटीचं लाकूडच तीन इंच जाड आहे हे ध्यानात ठेवा. १०० मिमीचा फास्टनर भिंतीत फक्त इंचभर जातो. १० मिमी जाड आणि किमान १५० मिमी लांब घ्या, डोकं आत बुडवून वर लाकडी गुल्ली मारा. वीट पोकळ किंवा भुसभुशीत असेल तर होल्डफास्टच बरे.

भिंतीला टेकणारी चौकटीची बाजू पुन्हा कधी दिसणार नाही. तिला आधी वाळवीचं औषध, ते वाळलं की डांबराचा हात.

गिरणाथडी
+१. आणि लाकूड किती लागेल ते स्वतः काढा, मग वखारीत जा. लांबी फुटात × रुंदी इंचात × जाडी इंचात ÷ १४४ = घनफूट. ४२ × ८४ ची, उंबऱ्यासकट चौकट म्हणजे ७ + ७ + ३.५ + ३.५ = २१ फूट. ५ × ३ इंची लाकूड धरलं तर २१ × १५ ÷ १४४ = साधारण २.२ घनफूट. घट धरून अडीच. कोणी साडेतीन घनफुटांचं बिल देत असेल तर मापं पुन्हा टेप लावून घ्या. रंधा मारल्यावर ५ × ३ चं पावणेपाच × पावणेतीन उरतं, त्यात फसवणूक नाही. पण भाव कशावर लावलाय, कापीव मापावर की तयार मापावर, ते आधी विचारा.

सागवान म्हटलं की सगळं सारखं नसतं. कापलेल्या टोकाकडून बघा. मधला तपकिरी गाभा हाच खरा सागवान. कडेचा पांढुरका भाग वाळवी खाते, तो सागाचा असला तरी. चौकटीच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात थोडा पांढरा चालवून घेतात, पण उंबऱ्याजवळ अजिबात नको. परदेशी लागवडीचा कोवळा साग स्वस्त मिळतो, त्यात वर्षवलयं रुंद असतात आणि पांढरा भाग जास्त निघतो. नीट निवडला तर वापरायला हरकत नाही.

जुन्या धाब्याच्या घरांतलं लाकूड मिळालं तर सोडू नका. वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. मात्र करवतीआधी त्यावरून लोहचुंबक फिरवायला सांगा. आत मोडलेला खिळा असला की पातं जातं आणि सुतार दुसऱ्यांदा यायला नाही म्हणतो.

सातपुडा_साग
खेड्यावर अजून बाभूळ-कडुलिंबाच्या चौकटी करतात. कडुलिंबाला वाळवी सहसा लागत नाही हे खरं, पण ओला कापून लगेच चौकट केली की पीळ पडतोच. इंचभर जाडीला वर्षभर वाळवण, हा जुना हिशेब. आखाजीपर्यंत तेवढा वेळ तुमच्याकडे नाही.

जळगाव_केळी
आठे ऊन भलतं शे भो! लाकूड-स्टील करण्याआधी उन्हाचं बघा.

पश्चिमेला तीन फुटी छज्जा टाकला की झालं, असं सगळ्यांना वाटतं. हिशेब करून बघा. धुळे-जळगाव साधारण २१ अक्षांशावर. मे महिन्याच्या शेवटी घड्याळात साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून ३४ अंशांच्या आसपास असतो. तीन फुटी छज्जाची सावली तेव्हा जेमतेम दोन फूट खाली येते. म्हणजे सात फुटी दाराचे खालचे पाच फूट उन्हात. साडेपाचला तर सावली फूटभरच. पूर्ण दार सावलीत ठेवायला साडेचारलाच दहा फूट खोल पडवी लागते. छज्जा पावसासाठी करा, तो हवाच. पश्चिमेच्या उन्हावर त्याचा उपयोग नाही.

उपाय उभा हवा. ओट्याच्या बाहेरच्या कडेला, दाराच्या बरोबर समोर, पाच फूट रुंद जाळीची भिंत घ्या. सिमेंटची किंवा भाजक्या मातीची जाळी चालेल. भोकाची उंची जाळीच्या जाडीपेक्षा कमी ठेवा. ४ इंच जाडी आणि ३ इंच उंच भोक असेल तर सूर्य ३७ अंशांच्या वर असेपर्यंत एक किरण आत येत नाही, साडेचारलाही किरकोळच येतो. साडेपाचला निम्मं ऊन आत येतं, पण तोवर त्याचा जोर उतरलेला असतो. वारा मात्र दिवसभर मिळतो. मे-जूनमध्ये सूर्य नेमका पश्चिमेला न मावळता थोडा उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणून जाळी दाराच्या मध्यापासून फूटभर उत्तरेला जास्त ओढा.

दारासमोर भिंत म्हटलं की घरची मंडळी कुरकुर करतील. गेट आणि दार एका रेषेत नको एवढं सांगा. रस्त्यावरून थेट घरात नजर जात नाही, हा फायदा वेगळाच.

पांझराकाठ
ही जाळीची कल्पना आवडली. म्हणजे पायऱ्या समोरून न घेता बाजूने घ्यायच्या का?

जळगाव_केळी
हो, दक्षिणेकडून चढा. समोर दहाच फूट आहेत तुमच्याकडे. त्यातले चार-पाच फूट ओट्याला गेले की सरळ पायऱ्या गेटला जाऊन भिडतात. भिंतीला समांतर घेतल्या की लांबीला जागाच जागा.

काळी_माती
पायऱ्यांवर मी थोडं सविस्तर लिहितो, कारण खान्देशात दारं बिघडतात त्यातली निम्मी जमिनीमुळे.

आधी एक खूण. दार पावसाळ्यात घासतं आणि उन्हाळ्यात मोकळं चालतं, तर लाकूड फुगलंय. उलटं असेल, म्हणजे एप्रिल-मेमध्ये घासतं आणि पावसात सुटतं, तर काळी माती आटून जोतं एका बाजूला बसतंय. अशा दाराला रंधा मारून काही होत नाही, पुढच्या पावसाळ्यात तिथे फट दिसते. चौकटीचे कर्ण मोजले की लगेच कळतं.

पायऱ्या आणि ओटा घराच्या पायावर नसतात, नुसते मातीवर असतात. घर खोल पायावर, ओटा वीतभर भरावावर. दोन्ही वेगवेगळे हलणारच. जोत्याला चिकटवून ओतले की सांध्यात भेग पडते, ओटा पुढून खचण्याऐवजी कधी कधी मागे, घराकडे कलतो, आणि पावसाचं पाणी उंबऱ्याशी साचायला लागतं.

करायचं असं :

ओटा आणि पायऱ्यांखालची काळी माती दोन ते अडीच फूट काढून टाका. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात भरा, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसने ठोका. एकदम अडीच फूट मुरूम ओतून वरून पाणी सोडणं म्हणजे ठोकणं नव्हे. मुरुमावर चार इंच काँक्रीट, मग पायऱ्या. जोतं आणि ओटा यांच्यात अर्धा इंच फट ठेवून थर्माकोलची पट्टी घाला, वरचा पाऊण इंच लवचीक सीलंटने भरा. पांढरं सिमेंट भरू नका, ते दुसऱ्याच महिन्यात सुटतं. ओट्याला घराकडून बाहेर उतार दर फुटाला पाव इंच. ओट्याची फरशी घराच्या फरशीपेक्षा किमान एक इंच खाली ठेवा, दीड असेल तर आणखी चांगलं.

दाराजवळ झाडांचा वाफा करू नका. एका बाजूची माती रोज ओली आणि दुसरी कोरडी राहिली की काळी जमीन एका अंगाने फुगते. तुळस कुंडीतच बरी.

सप्तशृंग
वॉकरबद्दल. १:१२ चा रॅम्प हवा तर ३० इंच उंचीला ३० फूट लांबी लागते. तुमच्याकडे ती नाही. १:६ चा रॅम्प करून ठेवतात, तो गाडी ढकलायला ठीक आहे, वॉकरवाल्या माणसाला उतरताना धोक्याचा. त्यापेक्षा पायरीचा चढ कमी करा. नेहमीचे सहा इंचांचे पाच चढ होतात, ते पाच इंचांचे सहा करा. पाऊल १३-१४ इंच. सगळे चढ अगदी सारखे हवेत. शेवटची पायरी फरशीच्या हिशेबात चुकून सात इंच झाली की पाय तिथेच अडखळतो. मध्ये एक पायरी अडीच फूट खोल ठेवली तर वॉकर टेकवून दम घेता येतो.

कठडा दोन्ही बाजूंनी, पायरीच्या नाकापासून ३४ ते ३६ इंच वर, दीड इंची गोल नळी. पश्चिमेच्या उन्हात स्टीलची नळी दुपारी हातात धरवत नाही, म्हणून वरून लाकडी मूठपट्टी घ्या. फरशी चकचकीत नको. फ्लेम केलेला ग्रॅनाइट किंवा खरबरीत शहाबादी.

दाराबाहेर सपाट जागा किमान चार फूट खोल हवी, पाच मिळाली तर उत्तम. जाळीचं दार बाहेर उघडतं, त्या वेळी माणसाला मागे सरकून उभं राहता यायला हवं. वरच्या पायरीवर उभं राहून दार अंगावर ओढायची वेळ यायला नको.

पांझराकाठ
मग साडेतीन फुटी चौकट?

रंधा_करवत
४२ इंचातून दोन्हीकडचं तीन-तीन इंच लाकूड वजा केलं की ३६ उरतात. दार ९० अंशात उघडल्यावर पल्ल्याची जाडी आणखी इंच-दीड इंच खाते. हातात ३४-३५. वॉकरला पुरतं. कपाट, मोठा फ्रीज, पुढे कधी व्हीलचेअर धरली तर चार फुटी चौकट घ्या, म्हणजे चाळीसच्या आसपास मोकळं मिळतं.

दोन पल्ल्यांचं दार चार फुटांत करू नका. एक पल्ला उघडला की दीड-पावणेदोन फूट वाट मिळते आणि रोज दोन्ही उघडत बसावं लागतं. शोभेसाठी हवंच असेल तर पाच फुटांत एक पल्ला तीन फुटांचा, दुसरा उरलेला.

एमआयडीसी_भुसावळ
सगळे लाकडावरच घसरलेत, म्हणून स्टीलची बाजू मांडतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं तयार दार, पत्रा ०.८ ते १.२ मिमी, आत हनीकोंब कागद किंवा फोम. वाळवी नाही, फुगणं नाही, पॉलिश नाही. वाळलेला साग मिळवण्याची कटकट नाही, सुतार आज येतो उद्या येतो नाही. आखाजीपर्यंत वेळ कमी असेल तर हाच रस्ता.

मात्र भिंतीतलं भोक काटेकोर हवं, चारी बाजूंनी ८ ते १० मिमी जागा धरून. चौकट आतून पोकळ असते, ती बसवल्यावर सिमेंटचा पातळ माल भरून घ्या. नाहीतर दार आपटलं की डबा वाजल्यासारखं होतं आणि बिजागरीकडची बाजू सैल पडते. पत्रा विचारताना पल्ल्याचा आणि चौकटीचा वेगळा विचारा. आत काय भरलंय तेही. हनीकोंब उष्णता विशेष अडवत नाही, फोम किंवा रॉकवूल अडवतं.

जळगाव_केळी
पश्चिमेला? भर उन्हात गडद तपकिरी स्टीलच्या दाराला हात लावून बघा एकदा मेमध्ये. शिवाय जमीन हलली की लाकडी दार दोन मिमी तासून चालवता येतं. स्टीलचं काय तासणार?

एमआयडीसी_भुसावळ
फिका रंग घ्या की. पांढरट, फिका राखाडी. लाकडाचा छाप हवाच कशाला? आणि जमीन हलणार असेल तर दोष पायाचा, त्याचं खापर दारावर कशाला? तुमच्या जाळीच्या भिंतीमागे दोन्ही चालतील. जाळी नसेल तर उघड्या उन्हात मी तरी सागवानापेक्षा फिकट रंगाचं, फोम भरलेलं स्टीलच घेईन.

एक कमजोरी कबूल. आपल्याकडे सकाळी दारात सडा-पाणी होतं. पल्ल्याच्या खालच्या घडीत पाणी राहिलं की गंज तिथूनच सुरू होतो. खाली पाणी निघायला भोकं आहेत का बघा, आणि ती रंगाने किंवा सीलंटने बुजवू नका.

रंधा_करवत
फ्लश डोअर-लॅमिनेटबद्दल कोणी बोललं नाही. आतल्या खोल्यांना उत्तम, पश्चिमेच्या मुख्य दाराला नको. बाहेरचं अंग तापतं, आतलं गार असतं, दोन्ही बाजूंचं लॅमिनेट वेगवेगळं ताणतं आणि पल्ला धनुष्यासारखा वाकतो. वरचा कोपरा चौकटीला टेकत नाही, अशी तक्रार येते ती बहुतेक ह्याचीच. घ्यायचंच असेल तर आय. एस. २२०२ चा शिक्का, भरीव गाभा, ३५ मिमीपेक्षा कमी जाडी नाही, दोन्ही अंगांना एकाच जाडीचं लॅमिनेट. मेम्ब्रेनची (वरून प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेली) दारं बाहेर लावूच नका, आत एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड असतो.

सागवानी पॅनलचा पल्ला करायचा तर उभ्या-आडव्या पट्ट्या साडेचार इंच रुंद, जाडी तयार ३८ मिमी. पॅनल खाचेत मोकळं बसवायचं, त्याला सरस लावायचा नाही. सरस लावला की उन्हाळ्यात आटताना पॅनल मधोमध फाटतं.

आणि आखाजीचा मुद्दा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं लाकूड वर्षातलं सगळ्यात कोरडं असतं. तेव्हा सुतार नेटकं दिसावं म्हणून दीड-दोन मिमी फट ठेवून पल्ला बसवतो. पल्ल्याच्या दोन उभ्या पट्ट्या मिळून नऊ इंच आडवं लाकूड. पावसाळ्यातली दमट हवा लागली की तेवढं लाकूड दोन ते तीन मिमी फुगू शकतं. जुलैत दार अडकतं, मग लोक तासून घेतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात फटीतून बोट जातं. उन्हाळ्यात बसवताना बिजागरीकडे २ मिमी, वर ३, कुलपाच्या बाजूला ४, खाली ६ ते ८ ठेवा. कुलपाच्या कडेला, दार बंद होताना जे अंग चौकटीत आधी शिरतं त्या बाजूने, किंचित कलता रंधा मारा, म्हणजे जाड पल्ला फिरताना चौकटीला टेकत नाही. पहिला पावसाळा संपेपर्यंत कोणालाही दार तासू देऊ नका.

ओसरीवाली
जाळीच्या दाराबद्दल मी सांगते. एकाच चौकटीत दोन दारं बसवताना पाच इंची लाकूड घेतात. मुख्य पल्ला दीड इंच, जाळीचा सव्वा, मध्ये उरले सव्वादोन. मुख्य दाराचं बाहेरचं हँडल दोन-अडीच इंच पुढे येतं आणि जाळीच्या दाराची आतली कडी अर्धा इंच मागे येते. दोन्ही एका उंचीवर असल्या की जाळीचं दार बंदच होत नाही. हे बसवल्यावर कळतं. म्हणून चौकट सहा इंची घ्या, किंवा मुख्य दाराचं हँडल आणि जाळीची कडी यांच्या उंचीत फूटभर फरक ठेवा. दोन्ही दारांच्या बिजागऱ्या एकाच बाजूला हव्यात.

जाळीच्या भोकातून हात घालून कडी काढता येत असेल तर ते दार असून नसल्यासारखं. कडीभोवती दहा-बारा इंचांचा पत्रा आतून जोडून घ्या. मच्छरजाळी स्टेनलेस ३०४ ची. साधी प्लास्टिकची जाळी दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तुटते. ती पट्टी आणि स्क्रूने बसवा, वेल्ड केलेल्या चौकटीत अडकवू नका, नाहीतर धुवायला निघत नाही.

बाहेर उघडणाऱ्या दाराच्या बिजागरीची पिन बाहेरून दिसते, ठोकली की निघते. न निघणाऱ्या पिनची बिजागरी मागा, नाहीतर पिनची दोन्ही टोकं वेल्ड करा.

रंधा_करवत
ताईंचा हँडलचा मुद्दा सोन्यासारखा आहे. 

बिजागऱ्यांचं : सागवानी पल्ल्याला पाच इंची चार, स्टेनलेस ३०४ किंवा पितळी, ३ मिमी जाड. पहिली वरून सात इंच, दुसरी तिच्याखाली फूटभर, तिसरी मध्याच्या थोडी खाली, चौथी खालून दहा इंच. वजन वरच्या बिजागरीलाच ओढतं, म्हणून वर दोन जवळ. स्क्रू ४० मिमी, आधी बारीक भोक पाडून. हातोडीने स्क्रू ठोकणारा सुतार दिसला की तिथेच थांबवा. पितळी स्क्रू सागात मोडतो, त्यासाठी आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करतात आणि मग पितळी घालतात.

कुलूप मॉर्टाइज (पल्ल्याच्या जाडीत खाचून बसवायचं) असेल तर ते मधल्या आडव्या पट्टीच्या सांध्यावर येऊ देऊ नका. कुलपाची पेटी बसवायला खाच तोडली की आतलं कुसूच (सांध्यात शिरणारी लाकडाची जीभ) कापलं जातं, मग सांधा सैल होऊन पल्ला लोंबतो. कुलपाची उंची फरशीपासून ३६ ते ४० इंच, आडवी पट्टी त्याहून खाली किंवा वर घ्या. वॉकरवाल्या माणसाला गोल मूठ फिरवता येत नाही, दांड्याचं हँडल घ्या.

एमआयडीसी_भुसावळ
डिजिटल कुलूप घेणार असाल तर पेटीवर कमाल तापमान किती लिहिलंय ते वाचा, पल्ल्याची किमान जाडीही. वीज गेल्याने अडत नाही, ती सेलवर चालतात. सेल संपले तर बाहेरून तात्पुरती वीज द्यायची सोय आहे का आणि साधी किल्ली चालते का, ही दोन उत्तरं हो असतील तरच घ्या. किल्ली घरातच ठेवण्यात अर्थ नाही.

गिलाव्याआधी चौकटीच्या कुलपाच्या बाजूला २५ मिमी पाइप टाकून ठेवा, बेल आणि कॅमेऱ्यासाठी. ओट्याच्या दिव्याचं बटण आत, कुलपाच्या बाजूला, चौकटीपासून सहा-आठ इंचांवर. बिजागरीच्या बाजूला घेतलं की दार उघडल्यावर बटण पल्ल्यामागे जातं. त्यासाठी कुलपाकडे किमान नऊ इंच सलग भिंत सोडा. बाहेर दाराजवळ एक प्लग पॉइंट दिवाळीच्या माळांसाठी, पावसाच्या झाकणाचा.

ओसरीवाली
चपलांचं : काळ्या मातीचा चिखल पायपुसण्याला दाद देत नाही. खालच्या पायरीशी दीड इंच रुंद, ६ मिमी जाड लोखंडी पट्टी जमिनीपासून चार इंचांवर आडवी, कड वर करून, काँक्रीटमध्ये रोवा. तळवा तिच्यावर खरवडला की निम्मं काम होतं. शेजारी फूटभर उंचीवर नळ, खाली दोन बाय दोनचं उतार दिलेलं न्हाणीसारखं चौकोनी, पाणी गटारीला. हे ओट्यावर नको, खालीच हवं, नाहीतर पाणी घराकडे.

चपलांचं कपाट ओट्यावर उघडं ठेवलं की उन्हात रबरी सोल चिकटतात-तुटतात. जाळीच्या भिंतीच्या आतल्या सावलीत ठेवा. खोली १३-१४ इंच पुरे. त्यावर बसायला १७-१८ इंच उंचीचा बाक आणि हाताला धरायला एक दांडी, वॉकरवाल्यांची सोय होते. आत दाराच्या लगेच मागे चार बाय पाच फूट जागा पूर्ण मोकळी सोडा, सोफा तिथे आणू नका.

गिरणाथडी
पॉलिशबद्दल एकच. पल्ला पॉलिश करताना तो बिजागरीवरून उतरवा. वरची आणि खालची कड, कुलपाची खाच, बिजागऱ्यांच्या खाचा, सगळीकडे सीलर गेला पाहिजे. दाराच्या खालच्या कडेला आरसा सरकवून बघा, दहातल्या नऊ घरांत लाकूड कोरं दिसेल. लाकूड टोकाकडूनच सगळ्यात जास्त पाणी पितं.

लाखेचं पॉलिश बाहेर नको, पाणी लागलं की पांढरं पडतं. मेलामाइन आतल्या लाकडाला. बाहेर एक्स्टेरिअर पीयू (पॉलियुरेथेन), उन्हाला टिकणारं असं डब्यावर लिहिलेलं. १२०, १८०, मग २२० नंबर कागद, सीलरचे दोन हात, पीयूचे दोन-तीन पातळ हात. दुपारी चाळीसच्या वर पारा असताना मारू नका, वरचा थर आधी वाळून बुडबुडे येतात. सकाळी करा. धूळवाऱ्याच्या दिवशी तर नकोच.

जवसाचं तेल लावणार असाल तर चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि ढीग आपोआप पेटतो. पाण्याच्या बादलीत टाका, किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

पांझराकाठ
भरपूर मिळालं. ठरतंय ते असं : चार फुटी चौकट, सहा इंची सागवान, पॅनलचा पल्ला, समोर जाळीची भिंत, चढ दक्षिणेकडून. शेवटचा प्रश्न, उंबरा. घरच्यांना पूजेसाठी लाकडीच हवा. रोज धुतला जाणार. वॉकरही आहे.

काळी_माती
लाकडी उंबरा फरशीत गाडला की वाळवीची वाट तयार. चौकट तीनच बाजूंची करा आणि उभ्या लाकडांची टोकं फरशीवर टेकवू नका. खाली अर्धा इंच ग्रॅनाइटची गट्टी घाला, सडा मारलेलं पाणी लाकडात चढत नाही.

रंधा_करवत
तळाला ग्रॅनाइटची सहा इंच रुंद पट्टी, घराच्या फरशीच्या अर्धा इंचच वर, दोन्ही कडा कलत्या. वॉकरचं पुढचं चाक त्यावरून जातं. लाकडी उंबरा हवाच असेल तर ह्याच पट्टीच्या मध्ये दोन इंच रुंद सागाच्या गाभ्याची पट्टी बसवा, वर पितळी पट्टी आणि स्क्रू, सरस न लावता. हळद-कुंकू त्यावर वाहता येतं आणि कुजली तर अर्ध्या तासात बदलता येते. अशा वेळी मघाशी दिलेल्या हिशेबातून खालचं लाकूड वजा करा. चार फुटी, सहा इंची चौकटीला ७ + ७ + ४ = १८ फूट × १८ ÷ १४४ = सव्वादोन घनफूट, घट धरून अडीचच्या थोडं वर.

पल्ल्याच्या खाली बाहेरच्या अंगाला दीड इंची लाकडी पाणपट्टी लावा, तिच्या खालच्या बाजूला पेन्सिलीएवढी खाच. वाऱ्याबरोबर पल्ल्यावरून ओघळणारं पाणी त्या खाचेपाशी तुटून पट्टीच्या पुढे पडतं, उंबऱ्यावर येत नाही. आतून ब्रशची पट्टी, मेमधल्या वावटळीची धूळ तिथे अडते. आणि तोरणासाठी वरच्या लाकडात दोन पितळी हूक पॉलिशच्या आधीच बसवून घ्या, नंतर कोणीतरी खिळा मारतंच.